मनूस, परीक्षेआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल मी झोपेचं विचारलं आणि तू ‘बाबा, पुरे’ म्हणून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. यात झोपेबद्दल अक्षरही लिहायचं नाही, असं आईला कबूल करून बसलोय.

सुट्टीत तू विसरून गेलेली कलेतिहासाची वही चाळत होतो. वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम), घनवाद, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पट्टी, साली लाल शाईत. अक्षर थेट आत्याचं. इतकं नेटकं काम आपल्या घरात कुणी केलेलं नाही, हे दादालाही ऐकवलं. पण दृक्प्रत्ययवादाच्या पानावर तू ‘प्रकाशाचा परिणाम, तुटक फटकारे, क्षणाचं चित्रण’ एवढंच लिहिलंयस. हे तर सगळेच लिहिणार. तुला काय दिसलं?

मी मोनेचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ मोबाइलवर उघडलं. चित्र 1872 चं, 1874 च्या प्रदर्शनात एका टीकाकाराने त्याची खिल्ली उडवली आणि त्यातूनच चळवळीला नाव पडलं, हे तुझ्या वहीतूनच कळलं. सहज म्हणून ते चित्र काळं-पांढरं करून पाहिलं, तर तो नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसाच झाला! भोवतीच्या आभाळापेक्षा तो उजळ नाहीच मुळी, फक्त रंग वेगळा. करून बघ आणि हे उत्तरात लिही. माझ्यासारख्या हिशेबनीसाला दिसलं, तर तुला किती दिसेल!

चौथीत तू आजीचं चित्र काढलं होतंस, आठवतं? एक डोळा निळसर केलास म्हणून ती फुगून बसली होती. मोतीबिंदू आम्हा मोठ्यांच्या नंतर लक्षात आला. तेव्हापासून तुझ्या नजरेवर माझा भरवसा आहे. तुझ्या तब्येतीचं मात्र तसं नाही.

परवा तू म्हणालीस, जॉर्ज सरा रात्री दिव्याच्या उजेडातही रंगवायचा. बरोबर. ‘ला ग्रांद जात’ या चित्राला 1884 ते 1886 अशी दोन वर्षं दिली त्याने, आणि 31 व्या वर्षी गेला. बघ, आलोच तिथे. त्याचं जाणं आणि जागरण यांचा संबंध मी उगाच जोडतोय, ते मलाही कळतं. माफ कर. पण पहाटे तीनला तुझा निरोप येतो तेव्हा इथे आम्हीही जागे होतो, एवढं ध्यानात ठेव. साली पाठ होतात गं, पण डोळे ताजे नसले तर समोरचं अनोळखी चित्र वाचणार कसं? पुरे. प्रवचन संपलं.

अभिव्यक्तिवादाच्या पानावर केटे कोलविट्स या जर्मन चित्रकर्ती-शिल्पकर्तीचं नुसतं नाव आहे. तिच्यावर तयारी कर. तिचा धाकटा पेटर 1914 मध्ये युद्धात गेला, अवघ्या 18 व्या वर्षी. भरतीला वडिलांची संमती लागत होती. ते तयार नव्हते, आईनेच त्यांना राजी केलं. पुढे तिने त्याचं स्मारक करायला घेतलं, ते 1932 मध्ये उभं राहिलं. सुरुवातीच्या आराखड्यात मुलाची आकृती होती, ती तिने काढून टाकली. उरले गुडघे टेकलेले आई-बाप. आई पार वाकलेली. बाप ताठ, दोन्ही हातांनी स्वतःलाच आवळून धरलेला. त्याच्या हातांकडे बघ, चेहऱ्यापेक्षा तेच जास्त सांगतात. मी बराच वेळ बघत बसलो, मग आईने फोन काढून घेतला.

असो. दहा कलावंत वरवर करण्यापेक्षा चार पक्के कर आणि प्रत्येकाची दोन चित्रं अशी की डोळे मिटले तरी कोपरान् कोपरा सांगता येईल. डोळे मिटण्याचं मी चित्रांसाठीच म्हणतोय.

गुण काय पडतील ते पडतील. पेपर सकाळचा की दुपारचा, तेवढं कळव.

तुझा,
बाबा

ता. क. पिकासोच्या ‘गेर्निका’पुढे तू 1939 लिहिलंयस, ते खोड. त्या गावावरचा बाँबहल्ला 26 एप्रिल 1937 चा, आणि चित्र त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लागलं.