आयुर्वेदिक औषध तपासून घेण्याचा हक्क ग्राहकाला हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी आस्कंदाच्या चूर्णाचे पाकीट घेऊन आमच्याकडे आल्या. ‘बाई, या खेपेला याचा रंग वेगळा वाटतोय, बघता का जरा?’ असे त्यांनी विचारले. झोप नीट लागावी म्हणून दोन वर्षे त्या हे चूर्ण रात्री दुधातून घेत आहेत, त्यामुळे त्याचा रंग आणि वास त्यांच्या चांगला ओळखीचा आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात मी अनेक वर्षे वनौषधींची परीक्षा हाच विषय शिकवला, आणि निवृत्तीनंतरही जुना सूक्ष्मदर्शक घरी जपून ठेवला आहे.

आस्कंदाच्या मुळाचे चूर्ण मळकट पांढरे असते आणि ज्यावरून या वनस्पतीला अश्वगंधा म्हणतात तो घोड्यासारखा उग्र वास त्याला येतो. या चूर्णाला हिरवट झाक होती आणि वास वाळलेल्या पाल्याचा होता. चिमूटभर चूर्ण पाण्यात कालवून त्यावर आयोडीनचा थेंब सोडला तेव्हा निळे झालेले पिष्टकण भरपूर दिसले, म्हणजे पाकिटात मूळ होते. दुसरी चिमूट क्लोरल हायड्रेटमध्ये उकळून स्वच्छ केली आणि स्लाइड भिंगाखाली धरली, तेव्हा पानाच्या सालीचे तुकडे, त्यांवरची पर्णरंध्रे (पानाची हवेची सूक्ष्म छिद्रे) आणि झाडासारख्या फांद्या फुटलेले केस एकामागून एक दिसू लागले. जमिनीखालच्या मुळाला पर्णरंध्रे नसतात, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. पाकिटावर मात्र ‘अश्वगंधा मूळ’ एवढेच छापलेले होते.

मूळ काय आणि पान काय, झाड तर एकच ना, असे कोणी म्हणेल. पण औषधाच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने, म्हणजे औषधांची मानके ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथाने, औषधासाठी अश्वगंधेचे मूळ सांगितले आहे. पानांमध्ये विदाफेरिन-ए हे द्रव्य मुळापेक्षा पुष्कळ जास्त असते आणि ते पेशींना मारक आहे. मुळे खणून, धुऊन, वाळवून काढावी लागतात. पाला मात्र शेतात आपोआप उरतो आणि स्वस्तात मिळतो. हा पाला औषधात येऊ लागल्यामुळेच आयुष मंत्रालयाला ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना पाने वापरू नका असे लेखी कळवावे लागले. तेव्हा वहिनींच्या पाकिटातली भेसळ ही कोणा एकाची चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

मी ते पाकीट, विक्रीची पावती आणि माझी टिपणे घेऊन संबंधित शासकीय कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु खासगी व्यक्तीने आणलेला आयुर्वेदिक औषधाचा नमुना शासकीय प्रयोगशाळेकडे पाठवता येत नाही. तुम्ही तक्रार लिहून द्या, निरीक्षकांना योग्य वाटल्यास ते बाजारातून नमुना घेतील, असे मला सांगण्यात आले. पैसे भरायची माझी तयारी होती, पण त्याचा उपयोग नव्हता. बाजारातून पुढे कधी नमुना घेतलाच, तर तो त्याच बॅचचा असेल याची खात्री कोण देणार?

घरी आल्यावर मी कायदाच उघडून बसले. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २६ नुसार कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, ठरलेली फी भरून, स्वतः विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकते आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवू शकते. परंतु हे कलम ज्या चौथ्या प्रकरणात आहे ते, कलम ३३-ए मुळे, आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी जे वेगळे प्रकरण जोडले आहे, त्यातल्या कलम ३३-एच ने २२, २३, २४ आणि २५ ही चार कलमे आयुर्वेदाकडे आणली. २६ वे आणले नाही. एवढेच नव्हे, तर ॲलोपॅथीच्या औषधाबाबत पीडित व्यक्ती किंवा ग्राहक संघटना स्वतः न्यायालयात जाऊ शकते, पण आयुर्वेदिक औषधाबाबत कलम ३३-एम नुसार निरीक्षकाखेरीज कोणालाही खटला भरता येत नाही, आणि निरीक्षकालाही आधी वरून मंजुरी घ्यावी लागते.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी की हेच चूर्ण अन्नाच्या परवान्यावर, पूरक आहार म्हणून विकले गेले असते, तर अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे वहिनींना ते अन्न विश्लेषकाकडे देता आले असते, आणि नमुना सदोष निघाला असता तर तपासणीची फीसुद्धा परत मिळाली असती. म्हणजे खाण्याचा पदार्थ म्हणून विकत घेतले तर हक्क आहे, ॲलोपॅथीची गोळी म्हणून घेतले तरी हक्क आहे, आणि ज्या औषधावर आपल्याकडे घरोघरी पिढ्यान् पिढ्या भरवसा ठेवला जातो तेवढ्याच बाबतीत तो नाही. आयुर्वेदाचे विरोधक हे मुद्दाम घडवून आणत आहेत असे मी म्हणत नाही. उलट, आयुर्वेदावर माया असणाऱ्यांनीच ही उणीव भरून काढायला पुढे यायला हवे.

नमुना वेळेवर तपासला गेला नाही की काय होते, हे आपण गुळवेलीच्या बाबतीत पाहिले आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीचे विश्लेषणच झालेले नाही; ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. पुढे इतर शहरांतूनही अशा नोंदी आल्या आणि वाद चालूच राहिला. या दोन वेली ओळखायला फार मोठे यंत्र लागत नाही. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात आणि कापल्यावर दुधट चीक येतो. खरी गुळवेल कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, म्हणून तर तिला संस्कृतात चक्रलक्षणिका असेही नाव आहे. पण कांडे वाळवून त्याचे चूर्ण झाले की ही लक्षणे नाहीशी होतात, आणि मग सूक्ष्मदर्शक व एचपीटीएलसी (वनस्पतीतली द्रव्ये वेगळी करून ओळखण्याची प्रयोगशाळेतली पद्धत) हेच दोन साक्षीदार उरतात. त्या रुग्णांपैकी एखाद्याच्या घरच्यांना उरलेली पुडी त्याच आठवड्यात शासकीय प्रयोगशाळेत देता आली असती, तर निदान तेवढ्यापुरते तरी वेल कोणती होती हे वादावाचून ठरले असते.

प्रयोगशाळेच्या मर्यादाही मी लपवणार नाही. चूर्णात जे दिसते ते काढ्यात आणि अरिष्टात, म्हणजे आंबवून केलेल्या पातळ औषधात, दिसत नाही. अशोकाची साल घ्या. खरा अशोक म्हणजे साराका असोका. हे झाड सह्याद्रीत दुर्मिळ होत चालले आहे, आणि त्याच्या सालीच्या जागी रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात सरळसोट वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल खपवली जाते. साल समोर असेपर्यंत ती कोणत्या झाडाची हे तासाभरात सांगता येते. ती उकळून, गूळ आणि धायटीची फुले घालून तिचे अशोकारिष्ट झाले की तेच काम पुष्कळ अवघड आणि खर्चिक होऊन बसते. म्हणून कारखान्याच्या दारात आलेल्या प्रत्येक पोत्याची ओळख पटवणे आणि त्यातला नमुना मोहोरबंद करून राखून ठेवणे याला पर्याय नाही. येणाऱ्या मालाची ओळख किती मोलाची असते हे मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेन्टिन यांचा आयोग नेमावा लागला.

क्षमता नाही हेही कारण पटण्यासारखे नाही. केवळ वनस्पतींपासून बनवलेली आयुर्वेदिक औषधे निर्यात करायची असतील, तर १ जानेवारी २००६ पासून शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम या जड धातूंची तपासणी सक्तीची आहे, आणि ती तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा याच देशात आहेत. बोस्टनला जाणाऱ्या डबीसाठी जे यंत्र चालते ते बार्शीत विकल्या जाणाऱ्या डबीसाठीही चालू शकते. महाराष्ट्रात औषधनिर्माणशास्त्राची आणि आयुर्वेदाची इतकी महाविद्यालये आहेत की त्यांतल्या सुसज्ज प्रयोगशाळांना औषध नियमावलीतल्या नियम १६०-ए खाली आयुर्वेदिक औषधे तपासण्याची मान्यता दिली, तर शासकीय विश्लेषकांवर येणारा भार बराच हलका होईल. पहिली ओळख-परीक्षा, राख, आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे माती-वाळू किती हे पाहणे, एवढे काम तर कोणतेही बरे महाविद्यालय करू शकते.

माझी मागणी एवढीच आहे की कलम ३३-एच मध्ये २६ या आकड्याची भर घालावी. औषधे हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत, असल्याने राज्य विधिमंडळही यात पुढाकार घेऊ शकते. केंद्राकडून होणार असेल तर आपल्या खासदारांनी, आणि राज्याकडून होणार असेल तर आमदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न मांडावा. स्पर्धक याचा गैरवापर करतील अशी भीती कोणी दाखवेल, तर तीच भीती ॲलोपॅथीच्या औषधांनाही लागू आहे, आणि तिथे हे कलम चालू आहे.

वहिनींचे पाकीट मी त्यांच्यासमोर दोऱ्याने बांधून, लाख लावून, दोघींच्या सह्या करून कपाटात ठेवले आहे. त्याची मुदत संपायला अजून बरेच महिने आहेत. बॅच क्रमांक, पावती आणि दोन्ही स्लाइड त्याबरोबरच आहेत. अधिकार असलेल्या कोणत्याही विश्लेषकाने मागितल्यास ते सर्व मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका (औषधनिर्माणशास्त्र), सातारा