जरा पाठ कर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला विणकामावरचा लेख वाचला. विणताना मन निवतं, दिवसभराचा शीण उतरतो, असं त्यात म्हटलं आहे आणि ते खरंच आहे. पण सोबतचं छायाचित्र मला खटकलं. खिडकीपाशी एक बाई एकटीच बसली आहे, कानात इअरफोन, मांडीवर लोकर. लेखातही शेवटपर्यंत दुसरं माणूस कुठे येत नाही. आमच्या घरात पस्तीस वर्षं विणकाम आणि शिवण चालू आहे, आणि ते एकट्याचं काम कधीच नव्हतं. म्हणून हे पत्र.

मी एकसष्ट वर्षांचा आहे. नोकरीत आयुष्यभर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली. घरात विणते ती माझी पत्नी आणि मशीनवर शिवतो तो मी. मशीन आईचं, पायाने चालवायचं. तिच्या शेवटच्या आजारपणात उशांचे अभ्रे उसवले होते, ते मी तिच्या सांगण्यावरून शिवले. ती पलंगावरून नुसत्या आवाजावरून ओळखायची, "दोरा ताणलाय, सैल कर." तेव्हापासून मशीन माझ्याकडे आहे.

आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य कोणतं असेल, तर ते "जरा पाठ कर". पत्नीच्या सुईवर अर्धवट स्वेटर असतो. समोरून कोणी गेलं की ती थांबवते. माणूस पाठ करून उभं राहतं, खांद्यापासून खाली ती वीण लावून बघते, दोन बोटांनी कड ओढते, मानेपाशी टाके मोजते आणि म्हणते, "जा." अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या अर्ध्या मिनिटात आपल्यासाठी काहीतरी घडतं आहे हे पाठीला कळतं. मुलगी लहानपणी कारण नसताना तिच्यासमोरून दोन-तीनदा जायची. मुलगा सोळाव्या वर्षी कोणाला अंगाला हात लावू देत नसे, पण "जरा पाठ कर" म्हटलं की मुकाट्याने उभा राहायचा. विकतच्या स्वेटरवर माझा राग नाही, आम्हीही घेतो. तो अंगात घातल्यावर आपला होतो, हा विणला जात असतानाच आपला झालेला असतो.

लोकरीची लड सोडवून गुंडा करायचा तर दोन माणसं लागतात, हे लेखात यायला हवं होतं. खुर्चीच्या पाठीवर लड अडकवून एकट्याने करता येतं, पण धागा अडकतो, उठावं लागतं. खरी पद्धत म्हणजे एकाने दोन्ही मनगटांवर लड ताणून धरायची आणि दुसऱ्याने गुंडाळायचं. धरणाऱ्याने मनगटं आळीपाळीने किंचित कलती करायची, एकदा डावं, एकदा उजवं, म्हणजे धागा अलगद निसटतो. दोघांची लय जुळली की शब्दाची गरज उरत नाही.

मुलगी पंधरा वर्षांची असताना काही आठवडे घरात बोलेनाशी झाली. विचारलं की "काही नाही". तिचा आखूड झालेला स्वेटर त्या सुमारास उसवायला काढला होता. आधी बाजूच्या शिवणी उसवल्या, मग टाके बंद केलेल्या टोकाकडून धागा ओढला. पाठीचा सबंध भाग म्हणजे एकच धागा. ओळीमागून ओळ सुटत जाते तेव्हा पावसाच्या बारीक सरीसारखा आवाज होतो. उसवलेली लोकर नागमोडी असते, म्हणून तिची लड करून धुवायची, ओली असतानाच खाली हलकं वजन लावून टांगायची, म्हणजे धागा सरळ होतो. ती लड वाळल्यावर मी मुलीला म्हटलं, जरा धर. ती बसली. दोघांचेही डोळे धाग्यावर, एकमेकांकडे बघायचं कारणच नव्हतं. अर्धी लड संपली असेल, आणि ती आपणहून बोलायला लागली. वर्गातल्या मैत्रिणींनी तिला वाळीत टाकलं होतं. हात अडकलेले, त्यामुळे उठून जाता येत नव्हतं. पण मला वाटतं तिला जायचंही नव्हतं. मी मध्ये एक शब्द बोललो नाही, फक्त गुंडाळण्याचा वेग कमी केला. त्या संध्याकाळी घरात आणखी दोन लडी होत्या, त्याही आम्ही सोडवल्या.

आता माझ्या मागणीकडे येतो, कारण हे पत्र नुसतं आठवणींसाठी लिहिलेलं नाही.

पूर्वी नियतकालिकांत विणकामाचे नमुने, म्हणजे कोणत्या ओळीत कोणते टाके घालायचे त्याच्या सूचना, ओळीओळीने छापून येत. पत्नीने अशी कात्रणं एका वहीत चिकटवून ठेवली आहेत. हल्ली व्हिडिओ असतात, चांगले असतात, अवघड टाका शिकायला तिलाही त्यांचा उपयोग झाला आहे. पण व्हिडिओ बघताना विणणारी व्यक्ती पडद्याला बांधली जाते आणि बाकीचे उठून जातात. छापलेला नमुना मात्र कोणीतरी वाचून दाखवावा लागतो, कारण विणणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. आमच्याकडे हे काम आधी मुलांनी केलं, आता नऊ वर्षांचा नातू करतो. "तीन सुलट, दोन एकत्र, एक उलट, चांदणीपासून परत," असं तो मोठ्याने वाचतो (चांदणी म्हणजे जिथून पुन्हा सुरुवात करायची ती छापील खूण), झालेल्या ओळीवर पेन्सिलीने खूण करतो, आणि आजीचं बोट थांबलं की आपणही थांबतो. मुद्रित मजकूर इतकं लक्ष देऊन वाचताना मी त्याला एरवी पाहिलेलं नाही.

गणितही त्यातच आलं. विणायला घेण्याआधी पत्नी नेहमी छोटा चौकोन विणून बघते. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले आहेत, आणि आपल्या हाताने मात्र २० च बसतात, तर काय होईल? ८० सेंटिमीटर घेरासाठी नमुना १७६ टाके घालायला सांगतो; आपल्या हाताने तेवढ्याच टाक्यांत घेर ८८ सेंटिमीटर होतो. नातवाने हे स्वतः मांडून काढलं आणि टेप घेऊन स्वतःच्या छातीभोवती आठ सेंटिमीटर जास्त म्हणजे किती, ते धरून पाहिलं. मग आजीने सुई बदलून बारीक घेतली.

एकदा तो शाळेतून आला तो "हे बायकांचं काम आहे ना?" असं विचारत. कोणीतरी त्याला चिडवलं असावं. मी त्याला सांगितलं की युरोपात कित्येक पिढ्या विणणाऱ्यांचे संघ पुरुषांचे होते. उमेदवारी संपवून उस्ताद व्हायचं तर काही ठिकाणी परीक्षेसाठी मोठा गालिचा विणून दाखवावा लागे. स्ट्रासबर्गचा १७८१ सालचा असा एक गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. मग मी मशीनची खालची पट्टी सरकवून त्याला आतलं दाखवलं. सुई खाली येते, वर निघताना दोऱ्याचा छोटा फास सोडते, आकडा तो फास पकडून बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाभोवती, फिरवतो आणि दोन दोरे कापडाच्या जाडीच्या बरोबर मध्यावर एकमेकांत अडकतात. खालून दोऱ्याचं जाळं झालं की आपण बॉबिनला दोष देतो. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते.

त्याला सगळ्यांत आवडलं ते सुईचं नेढं. सैबेरियात सापडलेल्या, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या हाडाच्या सुयांपासून नेढं मागच्या टोकाला. इलायस हाऊ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात ते अणीपाशी आहे. अख्खी सुई कापडातून पार न्यायची गरजच संपली. अणी आत गेली की दोरा पोचला. मी हजारो ड्रॉइंग काढली, पण एका भोकाची जागा बदलून इतकं साधलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. नातवाने हातशिलाईची सुई आणि मशीनची सुई शेजारी ठेवून दोन्हींचं चित्र काढलं आणि शाळेत नेलं.

जावई बटण लावायला याच टेबलाशी शिकला. बटणाखाली काडेपेटीतली काडी धरून टाके घालायचे, मग काडी काढून उरलेल्या सैल दोऱ्याला तीन-चार वेढे द्यायचे, म्हणजे जाड कापडाच्या काजातही बटण ताणलं जात नाही. गरम पाण्यात चोळल्यामुळे आकसलेला एक लोकरी स्वेटरही आम्ही टाकला नाही. आटून घट्ट झालेली ती लोकर कापली तरी तिचे धागे सुटत नाहीत. त्याची भांडी उचलायची फडकी झाली, सात वर्षं वापरात आहेत.

तर विनंती अशी. पुरवणीत आठवड्याला एक नमुना छापावा. तो संपूर्ण असावा, ओळ क्रमांकासह, आणि एक ओळ अर्धवट तोडून दुसऱ्या रकान्यात नेऊ नये, कारण मोठ्याने वाचणारा तिथेच चुकतो. अक्षर मोठं ठेवावं. सुईचा नुसता नंबर न देता मिलिमीटर द्यावेत: ब्रिटिश पद्धतीत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि अमेरिकन पद्धतीत ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, यात पत्नीचा एक मफलर वाया गेला आहे. १० सेंटिमीटरला किती टाके ते आधी द्यावं, शेवटी नको. शिवणीचे कागदी आराखडे छापणार असाल तर शिलाईसाठी सोडलेली जागा धरून मापं आहेत की सोडून, हे ठळक लिहावं.

पहिला नमुना सोबत पाठवत आहे. लहान मुलाचा मोजा आहे, टाच वळवण्यासह चौतीस ओळींचा. पत्नीने तिच्या हाताने लिहिला, मी स्वच्छ उतरवून काढला, आणि नातवाने वाचून दाखवला तसा पत्नीने तो एकदा पूर्ण विणून तपासला आहे. एकोणिसाव्या ओळीत दोन टाके कमी पडत होते, ती चूक नातवाला सापडली. दुरुस्ती लाल शाईत केली आहे. छापताना कृपया तीच धरावी.

आपला,
एक नियमित वाचक