मील प्लॅन घेतला म्हणजे टेबल मिळालं असं नाही

सर्व सदस्यांना नमस्कार. ऑरलँडोच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला निघालेल्यांनी कृपया लक्ष द्या. डायनिंग प्लॅनचे (डिस्नेच्या आगाऊ जेवण-योजनेचे) पैसे भरले, तरी रेस्टॉरंटमधलं टेबल वेगळं बुक करावंच लागतं. बुकिंग जेवणाच्या तारखेच्या 60 दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये राहणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या 60 दिवस आधी पहिल्या 10 दिवसांपर्यंतची टेबलं एकदम धरता येतात. ही सवलत खरंच मोलाची आहे, सोडू नका. सिंड्रेलाज रॉयल टेबल या रेस्टॉरंटसाठी माणशी दोन टेबल-सर्व्हिस क्रेडिट (प्लॅनमधली बसून जेवायची कुपनं) जातात, आधी हिशेब करा. टिप प्लॅनमध्ये नसते. उरलेली क्रेडिट चेकआउटच्या दिवशी मध्यरात्री संपतात. बेत बदलला तर बुकिंग वेळेत रद्द करा, ते टेबल दुसऱ्या कुटुंबाला मिळेल.