आकुंचनाची सूट

अनगोळ, बेळगाव

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर गुण सांगितलेस आणि "बाबा, मला माफ करा" एवढे म्हणून फोन ठेवलास. त्यावेळी माझाही आवाज ठिकाणावर नव्हता, म्हणून जे म्हणायचे होते ते राहून गेले. ते आज लिहितो आहे.

माफी मागायची असेल तर ती मी तुझी मागायला हवी. तू सी.ए.ची पहिली परीक्षा, फाउंडेशन, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालीस, तेव्हापासून मी गल्लीत, कारखान्यात, लग्नकार्यात भेटेल त्याला सांगत सुटलो की पुढची इंटरमीडिएटही आमची मृणाल पहिल्याच फटक्यात काढणार. मला ते कौतुक वाटत होते, पण तुझ्या पाठीवर त्याचे ओझे होत गेले, हे मला आता कळते. निकालाच्या दिवशी तुला स्वतःच्या गुणांपेक्षा माझ्या तोंडाची जास्त काळजी वाटली, यात तुझी काही चूक नाही.

आता गुणांकडे वळू. अकाउंट्स 41, कायदा 40, करआकारणी 62, एकूण 143. प्रत्येक विषयात किमान 40 ही अट तू पूर्ण केलीस. या तीन विषयांच्या गटात मिळून 300 पैकी 150 ही अट मात्र सात गुणांनी राहिली. तू मात्र त्या गुणांचा अर्थ एवढाच लावलास की "नापास झाले". मी आयुष्यभर उद्यमबागेतल्या कारखान्यात पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, बनवले आहेत, आणि आमच्या कामात एवढ्याने भागत नाही. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, रिजेक्ट झाले, तर ते कुठे गेले, किती मिलिमीटरने गेले आणि कशामुळे गेले, हे वहीत लिहिल्याशिवाय ते पुन्हा भट्टीत टाकत नाहीत.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण तिची मला फार वर्षे लाज वाटत होती. एका पंपाच्या मोठ्या झाकणाचा पॅटर्न मेस्त्रींनी पहिल्यांदाच एकट्याने माझ्यावर सोपवला होता. मी उत्तम सागवान निवडले, रात्री जागून पॉलिश केले, ड्रॉइंगमधले प्रत्येक माप तंतोतंत उतरवले. बारा कास्टिंग ओतली गेली आणि बाराही लहान भरली. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते. साध्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बाबतीत मीटरला सुमारे 10 मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी आमच्याकडे वेगळी श्रिंकेज पट्टी असते, जिच्यावरचे खुणेचे अंतर मुळातच वाढवलेले असते. मी साधी पट्टी वापरली होती. 600 मिलिमीटरच्या झाकणात 6 मिलिमीटर कमी पडले, मशिनिंगसाठी, म्हणजे यंत्रावर कापून नेमके माप काढण्यासाठी, ठेवलेला जादा थर त्यातच गेला, आणि बारा नगांपैकी एकही वाचला नाही.

चार दिवस मी ताप आल्याचे सांगून घरी राहिलो. पाचव्या दिवशी मेस्त्री स्वतः घरी आले, आजीने दिलेला चहा प्यायले आणि रागाचा एक शब्दही न काढता मला बरोबर घेऊन गेले. बाराही कास्टिंग अजून कोपऱ्यात रचलेली होती. त्यांनी प्रत्येकाची सहा-सहा मापे माझ्याकडून घेऊन वहीत लिहवली. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की सगळी मापे एकाच प्रमाणात कमी आहेत. म्हणजे माझा हात चुकला नव्हता, पट्टी चुकली होती. या दोन गोष्टींतला फरक कळल्यावर त्या रात्री मला झोप लागली.

तुझी पट्टीही मला तपासावीशी वाटते. गेल्या वेळी तू मैत्रिणीचे जे वेळापत्रक भिंतीवर लावलेस, त्यात रोज बारा तास होते आणि शेवटचा महिना उजळणीचा होता. त्यात आजारपणाला एकही दिवस नव्हता. कायदा इंग्रजीतून वाचायला लागणारा जादा वेळ नव्हता, आणि तू दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी आहेस. मध्ये तुला पंधरा दिवस ताप आला आणि ते सगळे उजळणीतून वजा झाले. ते वेळापत्रक मीही पाहिले होते आणि कौतुक केले होते, हे मी विसरलेलो नाही. मैत्रिणीचे वेळापत्रक तिला लागू पडले असेल, पण पोलाद मीटरला सुमारे 20 मिलिमीटर आकसते आणि बीड त्याच्या निम्मे, म्हणून दोघांची पट्टी एक नसते. तू अपेक्षा कमी कर असे मी म्हणत नाही. पॅटर्न मोठाच करायचा असतो, फक्त किती आणि कशासाठी मोठा, हे माहीत असावे लागते.

म्हणून एक काम कर. तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या प्रमाणित प्रती परीक्षा घेणाऱ्या सी.ए.च्या संस्थेकडून मागवता येतात आणि त्यासाठी निकालापासून 30 दिवसांची मुदत असते. अर्ज या आठवड्यातच भर. कायद्याची प्रत आली की 70 गुणांच्या लेखी भागाचे प्रत्येक उत्तर पाहा. आधी तरतूद, मग प्रश्नातील परिस्थितीशी तिचा संबंध, मग निष्कर्ष, या क्रमाने तू लिहिले होतेस का? की तरतूद माहीत असूनही इंग्रजी वाक्य जुळेना म्हणून थेट निष्कर्षावर उडी मारलीस? हे उत्तर मला माहीत नाही, आणि तुलाही कागद पाहिल्याशिवाय कळणार नाही. करआकारणीत 60 च्या वर गुण असल्याने पुढच्या तीन प्रयत्नांपर्यंत त्या विषयात तुला सूट मिळेल, म्हणजे आता लक्ष दोनच विषयांवर द्यायचे आहे. परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागल्यामुळे पुढची संधीही फार लांब नाही; पण तेवढा वेळ अपुरा वाटला तर त्याच्या पुढच्या खेपेला बस. मी कुणाला तारीख सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही.

तुला आठवते का, तू सात-आठ वर्षांची असताना गणपत गल्लीत भाजी घ्यायला माझ्याबरोबर यायचीस आणि कन्नडमधून भाव विचारायचा हट्ट करायचीस? भाजीवाल्या आजी हसायच्या, तुझे वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणायला लावायच्या, आणि "एष्टु?" नीट म्हणालीस की कोथिंबिरीची एक जादा काडी पिशवीत टाकायच्या. तेव्हा चुकल्याचे तुला काहीच वाटत नसे. आज घरात फाड फाड कन्नड बोलणारी तू एकटी आहेस.

आई म्हणते की रविवारी घरी ये. कुंदा आणून ठेवतो. शेजाऱ्यांनी निकालाचे विचारले तर उत्तर मी देईन, तू देऊ नकोस. माझी जुनी श्रिंकेज पट्टी कपाटात सापडली आहे, ती तुझ्या टेबलावर काढून ठेवली आहे.

तुझे,
बाबा