पुन्हा त्याच जागी तोच डाग

मागच्या महिन्यात आमच्या ह्यांना जुलाब सुरू झाले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी खालच्या ओठावर आणि अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा जांभळट-काळा डाग उठला, आग होऊ लागली. दोन वर्षांपूर्वी अगदी याच दोन जागी असेच झाले होते. तेव्हा ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पिऊन सोडून दिले!

त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितले, ही औषधाची ॲलर्जी. तेच औषध पोटात गेले की डाग पुन्हा त्याच जागी उमटतो. जुलाबाच्या गोळ्यांतले नॉरफ्लॉक्सासिन, टिनिडाझोल आणि काही वेदनाशामके यांनी हे होते. ‘गोळी कोणती?’ या प्रश्नावर आम्ही गप्प. दुकानदाराने पट्टी कात्रीने कापून दिलेली, नाव उरलेल्या तुकड्यावर राहिलेले. बिल अर्थातच नाही. ‘पांढरी, लांबट’ एवढ्यावर डॉक्टर काय ओळखणार?

पट्टी कापावी लागली तर दुकानदाराने पाकिटावर औषधाचे नाव आणि बॅच नंबर लिहून द्यावा. अन्न व औषध प्रशासनाने याकडे लक्ष द्यावे. अशा दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम 2010 पासून आहे. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो. हा क्रमांक मी आजवर एकाही दुकानात लावलेला पाहिला नाही.

– एक वाचक, कराड