झाडू नको, ट्रॅक्टर पाठवा

मा. पालकमंत्री, सातारा जिल्हा यांस,

स. न. वि. वि.

साहेब, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-बारा जण यवतेश्वरच्या घाटात कचरा उचलतो. कुणी शिक्षक, कुणी एसटीतून निवृत्त झालेलं, दोन कॉलेजची पोरं. संस्था नाही, बॅनर नाही. खताच्या रिकाम्या गोण्या, हातमोजे आणि चहाचा थर्मास, एवढाच सरंजाम.

कठड्यावर बसून साताऱ्याचे दिवे बघायला येणारी मंडळी सगळं कठड्यापलीकडे भिरकावतात. पाण्याच्या बाटल्या, चखण्याची पाकिटं, क्वार्टर. गवतातली फुटकी काच वेचणं सगळ्यात जिकिरीचं. आणि हल्ली वाढदिवस! रात्री बाराला गाडीच्या बॉनेटवर केक कापायचा, फेस फवारायचा आणि पुठ्ठ्यासकट सगळं दरीत.

एकदा चौदा गोण्या भरल्या. वळणावर ओळीने लावल्या आणि गाडी पाठवा म्हणून फोन केला. एक कार्यालय म्हणालं, ती हद्द आमची नाही. दुसऱ्याने तिसऱ्याचा नंबर दिला. तिसऱ्याने पहिल्याचा. महिन्याने गेलो तर माकडांनी गोण्या फाडलेल्या, आतला माल वाऱ्याने पुन्हा उतारावर. त्यात 'हॅपी बर्थडे दादा' लिहिलेली एक निळी पताका होती, मी माझ्या हाताने गोणीत कोंबलेली. ती करवंदीच्या जाळीत अडकून फडफडत होती. दादांचा वाढदिवस आम्ही दोनदा उचलला.

साहेब, माणसं कमी नाहीत. २ ऑक्टोबरला तर जास्तच होतात. आदल्या रात्री झाडलेला रस्ता सकाळी नव्या कोऱ्या झाडूंनी पुन्हा झाडला जातो. (तुम्हीही आला असाल कुठेतरी, राग मानू नका.) अडतं ते गोणी भरल्यानंतर. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. आबा ग्रामविकासमंत्री असताना गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावं बक्षिसापायी झाडली गेली असं म्हणणारे म्हणोत, पण तपासायला समिती यायची. आमच्या गोण्या बघायला माकडं येतात.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्ही. सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवणं तुम्हालाच जमेल. घाटातली भरलेली गोणी कुणी उचलायची, किती दिवसांत आणि नेऊन कुठे टाकायची, एवढं लेखी ठरवा. हद्दीचा वाद त्यांनी आपसात मिटवावा. कास पठाराच्या फुलांच्या हंगामात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, फेरी आठवड्याला हवी. ज्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याची वाट याच घाटातून जाते. सातारकर ज्या कास तलावाचं पाणी पितात, तोही याच रस्त्यावर.

जागोजागी कचराकुंड्या मात्र देऊ नका. त्या दोन दिवसांत ओसंडतात, मग माकडांचंच फावतं. त्यापेक्षा बाटल्यांकडे बघा, निम्मी गोणी त्यांनीच भरते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत रिकामी बाटली परत दिली की पैसे मिळण्याची तरतूद होती. घाटाच्या दोन्ही टोकांच्या टपऱ्यांवर ती एक हंगाम राबवून पाहा. बाटलीमागे दोन रुपये मिळाले तर आमच्याआधी दुसरंच कुणीतरी ती उचलून नेईल, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटणार नाही.

दुसऱ्या रविवारी साडेनऊपर्यंत आमच्या गोण्या भरून होतात. ट्रॅक्टर दहाला आला तरी चालेल.

आपला,
घाटात गोण्या भरणारा एक सातारकर