फलित म्हणून विकलेली बँटमची अंडी आणि आमच्या कोंबडीवर ठेवलेला ठपका

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: उबवणीसाठी पाठवलेली जुनी अंडी, त्यावर मिळालेलं उत्तर आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

तुमच्याकडून मी जपानी बँटम या लहान चणीच्या कोंबडीची आठ अंडी मागवली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत 'उबवणीसाठी, फलित' असं छापलेलं आहे. आठांतून एक पिल्लू निघालं. मी फोन केला, फोटो पाठवले, तेव्हा तुमच्या विभागाकडून उत्तर आलं की कोंबडी नीट बसली नसेल, सारखी उठत असेल, आणि पुढच्या वेळी मी तुमचं उबवणी यंत्र घ्यावं, त्यावर सवलत मिळेल. एक पिल्लू निघालं म्हणजे अंडी चांगलीच होती, असंही त्यात लिहिलं आहे.

पैशांचं मी पुढे लिहितेच. पण जी कोंबडी वीस दिवस इमानाने बसली तिच्या माथी हे मारलंत, ते मला अजिबात मान्य नाही.

काजळी ही आमची बँटम कोंबडी. याआधी दोनदा तिने पिलं काढली आहेत. या वेळीही तुमची अंडी यायच्या आधी ती खरोखर खुडूक आहे याची मी खात्री करून घेतली. तीन रात्री तिला लाकडी अंड्यांवर बसवलं. हात जवळ नेला की कुर्रर्र करून फुगायची, चोच मारायची, पण जागा सोडायची नाही. पोटाखालची पिसं तिची तिने उपटली होती आणि त्या उघड्या कातडीची ऊब बोटांना चांगलीच लागत होती. अशी कोंबडी मिळाली की यंत्र लागत नाही, हे कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही माहीत असतं.

आता तुमच्या खोक्याबद्दल. उघडलं तेव्हा आठही अंडी उलटी ठेवलेली होती, म्हणजे रुंद टोक खाली. अंड्यातली हवेची पोकळी रुंद टोकाला असते, म्हणून उबवणीची अंडी ठेवताना आणि पाठवताना टोकदार बाजू खाली ठेवतात. अंधारात टॉर्चवर धरून पाहिली तर तीन अंड्यांतली पोकळी जागची सुटलेली होती. अंडं कलतं केलं की ती बुडबुड्यासारखी सरकत होती. बाकीच्या पाचांत ती जागेवर होती, पण केवढी! आमच्या कोंबडीचं आदल्या दिवशीचं अंडं शेजारी धरलं. त्यात पोकळी नखावरच्या पांढऱ्या चंद्राएवढी, तर तुमच्या अंड्यांत जवळजवळ पाव अंडं मोकळं. अंडं जसजसं जुनं होतं तसतसं त्यातलं पाणी कवचातून उडतं आणि पोकळी वाढते. त्यावर आणि कोणता पुरावा हवा?

त्याच दिवशी मी फोन केला होता. तुमच्या प्रतिनिधीने सरळपणे सांगितलं की ऑर्डर पुरी होईपर्यंत अंडी फ्रीजमध्ये जमा करतात, कधी पंधरा दिवस लागतात, कधी वीस. त्या मुलीला मी दोष देत नाही, ती खरं बोलली. पण उबवणीची अंडी साधारण आठवड्याच्या आत बसवायची असतात. त्यानंतर दर दिवसागणिक पिल्लू निघण्याची आशा कमी होत जाते. आणि ती ठेवायची १२ ते १६ अंश सेल्सियसच्या आसपास. नेहमीच्या फ्रीजमध्ये ४ अंशांच्या जवळपास थंडी असते, ती खायच्या अंड्यांना ठीक आहे. ज्यात जीव वाढवायचा आहे त्या अंड्याला ती मारक आहे.

तरीही माझ्या बाजूने कसर राहू नये म्हणून मी अंडी चोवीस तास टोकदार बाजू खाली ठेवून स्थिर होऊ दिली आणि रात्री काजळीखाली सरकवली. सोबत आमच्या घरची दोन ताजी अंडी ठेवली. तुमच्यांवर पेन्सिलीने 'क', आमच्यांवर 'घ'. खुराडं तेच, गवत तेच, कोंबडी तीच, दिवसही तेच.

ती किती वेळ उठते याची मी वहीत नोंद ठेवली आहे. त्या पानांचे फोटो सोबत पाठवते आहे. दिवसातून एकदा, बहुतेक सकाळी. खाली उतरायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, खुडूक कोंबडीची ती भली मोठी घाण एकदाच टाकायची, धुळीत दोन मिनिटं लोळायची आणि पुन्हा धावत जागेवर. पंधरा मिनिटं, अठरा मिनिटं, एकदा पावसाची सर आली तेव्हा नऊच मिनिटं. एवढा वेळ उठणं हे कोणत्याही चांगल्या खुडूक कोंबडीचं रोजचं वागणं आहे, अंडी त्याने गार पडत नाहीत. याला तुम्ही 'सारखी उठते' म्हणता?

सातव्या रात्री मी अंडी उजेडावर पाहिली. 'घ'च्या दोन्ही अंड्यांत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं पसरलेलं होतं आणि मध्ये काळा ठिपका, तो हलत होता. 'क'ची पाच अंडी कोरी. पिवळ्या बलकाची सावली तेवढी दिसायची, शिरेचा धागा नाही. दोन अंड्यांत रक्ताची कडी दिसली, म्हणजे गर्भ धरला होता पण पहिल्या काही दिवसांतच मेला. उरलेल्या एका अंड्यात जाळं होतं.

विसाव्या दिवशी पहाटे खुराड्यापाशी कान लावला तर अंड्याच्या आतून बारीक चिवचिव येत होती आणि काजळी घशातल्या घशात हळू आवाजात तिला उत्तर देत होती. बँटमची पिलं मोठ्या जातींपेक्षा एखाद-दोन दिवस आधी निघतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत 'घ'ची दोन्ही बाहेर आली. तुमच्या 'क'च्या त्या एकाच अंड्याला रात्री टोच पडली आणि सकाळी तेही पिल्लू पंखाखालून डोकं काढून बघत होतं.

म्हणजे सातव्या दिवशी ज्या तीन अंड्यांत जीव होता, त्या तिन्हींची पिलं काजळीने काढली. एकही तिने वाया घालवलं नाही. एक पिल्लू निघालं म्हणून अंडी चांगली, हा तुमचा हिशोब तुम्हीच पुन्हा मांडून पाहा. त्या पिल्लाने एवढंच सिद्ध होतं की कोंबडी चांगली होती.

रक्ताच्या कडीची जी दोन अंडी आहेत त्यांच्याबद्दल मला तुमच्यावर अन्याय करायचा नाही. जपानी बँटमचे आखूड पाय ज्या गुणामुळे येतात तो आईबापा दोघांकडून आला तर पिल्लू अंड्यातच मरतं. दोघंही आखूड पायांचे असतील तर सरासरी चारातलं एक असं जातं, तेही बहुधा पहिल्या आठवड्यात. तेव्हा ती दोन गेली त्याला कदाचित हेच कारण असेल. मात्र ही जात विकताना ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवी. अंड्यांसोबत आलेल्या तुमच्या पत्रकात तिचा उल्लेखच नाही. मला ती माहीत होती म्हणून बरं, एखादा नवखा माणूस स्वतःलाच बोल लावत बसेल.

कोऱ्या पाच अंड्यांना मात्र असलं कोणतंही कारण लागू पडत नाही. एक तर ती फलित नव्हतीच, किंवा फलित होती आणि तुमच्या फ्रीजमध्ये मेली. दोन्हींपैकी काहीही असो, खोक्यावरचा शब्द खोटा ठरतो.

त्या पत्रकाबद्दलही लिहायलाच हवं. 'अंडी दिवसातून तीन वेळा फिरवा, अठराव्या दिवसापासून पाणी शिंपडा' असं त्यात आहे. हे यंत्रासाठी आहे. कोंबडी आपली अंडी स्वतः चोचीने फिरवते, आतली बाहेर आणि बाहेरची आत घेते, आणि तिच्या अंगाचा ओलावा पुरेसा असतो. अठराव्या दिवसानंतर तर तिला हातही लावायचा नसतो. कोणी पत्रक वाचून बसलेल्या कोंबडीवर पाणी मारलं तर चांगली अंडीसुद्धा गार पडून जातील.

काजळीचा तुरा या दिवसांत फिका पडला आहे, अंगाने ती हलकी झाली आहे. खुडूक कोंबडी अर्धपोटी राहते, अंडी देणं थांबवते, आणि हे सगळं ती दहा अंड्यांसाठी करत होती. त्यांतली पाच पहिल्या दिवसापासून गारगोट्या होत्या.

माझी मागणी अशी. पाच कोऱ्या अंड्यांची पूर्ण रक्कम आणि कुरियरचा खर्च परत करावा. कडी दिसलेल्या दोन अंड्यांचे पैसे मी मागत नाही, निघालेल्या पिल्लाचे तर नाहीच. यापुढे प्रत्येक अंड्यावर ते घातल्याची तारीख पेन्सिलीने लिहावी आणि आठवड्याहून जुनं अंडं उबवणीसाठी म्हणून पाठवू नये. कोंबडीखाली अंडी ठेवणाऱ्यांसाठी वेगळं पत्रक छापावं. आणि कोंबडीला दोष देणारं जे उत्तर मला पाठवलंत ते लेखी मागे घ्यावं.

बदली अंडी कृपया पाठवू नयेत. काजळी आता तीन पिलांना घेऊन फिरते आहे, ती पुन्हा खुडूक व्हायला काही महिने लागतील. तोवर तुमची अंडी इथे माझ्याही फ्रीजमध्ये जुनीच होतील.

अंड्यांचे सातव्या दिवशीचे फोटो, खोक्याचा फोटो आणि पावतीची प्रत सोबत आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं.

कळावे,
आपली एक ग्राहक